कानगोष्टी : चौदा सेंटांचा गंधार

मागच्या अंकात तबल्याच्या शाईबद्दल लिहिलं होतं. या वेळी दुसरंच काहीतरी लिहायचं ठरवलं होतं, पण मध्ये आमच्या घरात एक प्रकरण घडलं आणि विषय आपोआप ठरला.

माझी भाची अकरावीत आहे. गिटार ती व्हिडिओ बघून शिकते आणि गाणं आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे. मंडळाच्या गणेशोत्सवात तिला एक भजन म्हणायचं होतं, साथीला कीबोर्ड. तयारी जोरात चालली होती. पण गणपती आठवड्यावर आले आणि एका संध्याकाळी ती फोन पुढे करून म्हणाली, "मामा, मी गाणार नाही. मी बेसूर आहे. हे बघ."

फोनवर सूर तपासायचं अ‍ॅप होतं. तिने सा लावला, काटा हिरव्यात. पंचम लावला, तोही हिरव्यात. गंधार लावला आणि काटा डावीकडे लाल रंगात गेला. १४ सेंट उतरलेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने जोर करून गंधार थोडा वर ढकलला. काटा हिरवा झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, गंधार चढला!"

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अ‍ॅप म्हणतं उतरला, आजी म्हणते चढला. आता तुम्हीच ठरवा काय ते."

चेष्टेवारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सोळाव्या वर्षी आपल्या कानांवरचा विश्वास उडाला, तर गाणं सुटायला वेळ लागत नाही. म्हणून त्या रात्री आम्ही तिघं बसलो, आईचा मिरजेचा तानपुरा काढला आणि कोण खरं ते शोधलं. उत्तर निघालं ते असं : दोघंही खरे. फक्त दोघांची मोजपट्टी वेगळी.

तारेच्या पोटातला गंधार

आधी सेंट म्हणजे काय ते सांगतो. सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे १२०० सारखे भाग केले, तर एक भाग म्हणजे एक सेंट. कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या, म्हणून एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत बरोबर १०० सेंट. सा पासून शुद्ध गंधार चौथी पट्टी, म्हणून ४०० सेंट. अ‍ॅपच्या मते गंधाराची जागा ही, आणि आमची मुलगी होती ३८६ वर.

आता तानपुरा घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाचीचा सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. काळी पाचच्या थोडा वर येतो तो. संगीताच्या पुस्तकांतही सा २४० धरायची पद्धत आहे. तानपुऱ्याच्या मधल्या दोन जोडीच्या तारा या सा वर, आणि शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १२० वर.

खर्जाची तार छेडली की ती अख्खी हलते, पण त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलत असते. त्यामुळे एकाच तारेतून १२०, २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० असे सूर एकावर एक निघतात. जवारी नीट लागलेली असली की हे वरचे सूर स्पष्ट ऐकू येतात. त्यांना नावं देऊन बघा. १२० सा, २४० सा, ३६० पंचम, ४८० पुन्हा सा, ६०० गंधार, ७२० पंचम.

६०० चा हा गंधार कोणी लावलेला नाही. तानपुऱ्याला गंधाराची तारच नसते. तो खर्जातून आपसूक उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आई लग्नाआधी गायनशाळेत शिकत होती, तेव्हा तिच्या गुरुजींनी तिला पहिले कित्येक दिवस हा गंधार नुसता ऐकायला लावला होता, असं ती सांगते.

आता चौथा, पाचवा आणि सहावा सूर शेजारी ठेवा : ४८०, ६००, ७२०. म्हणजे ४ : ५ : ६. सा, ग, प. गिटार शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात ज्याला तुम्ही मेजर कॉर्ड म्हणता, तोच हा. मेजर कॉर्ड तारेच्या पोटात आधीपासून बसलेला आहे.

भाचीच्या मध्य सप्तकात तेच आकडे होतात २४०, ३००, ३६०. कीबोर्डचा गंधार मात्र ३०२.४ वर आहे. अडीच कंपनांचाही फरक नाही, पण सेंटांत मोजला तर तो बरोबर १४ येतो. ती तानपुऱ्याचं ऐकत होती आणि अ‍ॅप तिला कीबोर्डच्या पट्टीने मोजत होतं.

फरक कानाला कसा कळतो

अडीच कंपनांचा फरक कोणाला कळणार, असं वाटेल. पण कान तो वेगळ्या वाटेने पकडतो. सा च्या २४० मधून पाचवा सूर निघतो १२०० चा. ३०० च्या गंधारातून चौथा सूर निघतो, तोही १२०० चा. दोघं एकमेकांवर नेमके बसतात आणि आवाज शांत होतो. गंधार ३०२.४ चा असेल, तर त्याचा चौथा सूर जवळजवळ १२०९.५ वर जातो. मग १२०० आणि १२०९.५ यांची झटापट होते आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज थरथरतो. तुमच्या फिजिक्सच्या पुस्तकात यालाच बीट्स म्हटलंय.

आईला हे आकडे माहीत नाहीत. तिला ती थरथर कळते, एवढंच. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतूनही कळते.

पंचमाचं काय? कीबोर्डचा पंचम ३५९.६ चा, खरा ३६० चा. फरक दोन सेंट. थरथर सेकंदाला एकापेक्षा कमी, म्हणून त्रास होत नाही. भाचीचा पंचम अ‍ॅपने हिरवा दाखवला तो याच कारणाने.

ओळखीचे कॉर्ड आणि त्यांचे आकडे

भाचीने लगेच वही काढली आणि गिटारवरचे बाकीचे कॉर्ड विचारले. ती यादी तुमच्यासाठीही देतो. सा सगळीकडे २४०.

मेजर (सा, ग, प) : २४०, ३००, ३६०. गुणोत्तर ४ : ५ : ६.

मायनर (सा, कोमल ग, प) : २४०, २८८, ३६०. गुणोत्तर १० : १२ : १५.

सस-फोर (सा, म, प) : २४०, ३२०, ३६०. गुणोत्तर ६ : ८ : ९.

पॉवर कॉर्ड (सा, प, वरचा सा) : २४०, ३६०, ४८०. गुणोत्तर २ : ३ : ४.

या यादीत बघण्यासारखं बरंच आहे. आकडे जितके लहान, तितका कॉर्ड स्थिर. पॉवर कॉर्ड २ : ३ : ४ इतका साधा, म्हणून रॉकवाले गिटारचा आवाज फाडून वाजवतात तेव्हाही तो टिकतो. आवाज फाडला की वरचे सूर भरमसाट वाढतात, आणि त्यात कीबोर्डच्या मापाचा गंधार घातला तर नुसता खडखडाट होतो. म्हणून ते गंधार गाळतात. आपल्या तानपुऱ्यातही तारा लावतात त्या सा आणि प च्या, आणि गंधार आपोआप यायचा तो येतो. दोघांचं गणित एकच.

मायनरचे आकडे मोठे आहेत, म्हणून तो मेजरइतका निवांत वाटत नाही. पण त्याच्या आत डोकावलं तर मेजरचेच दोन तुकडे उलट क्रमाने लावलेले दिसतील. मेजरमध्ये आधी ४ : ५ आणि मग ५ : ६. मायनरमध्ये आधी १० : १२, म्हणजे ५ : ६, आणि मग १२ : १५, म्हणजे ४ : ५. विटा त्याच, फक्त रचना उलटी. आणि कीबोर्डचा कोमल गंधार खऱ्यापेक्षा १६ सेंट खाली असतो. शुद्ध चढलेला, कोमल उतरलेला.

सस-फोरमध्ये गंधाराच्या जागी मध्यम येतो. म आणि प शेजारी शेजारी, ८ : ९, म्हणून थोडी ओढाताण वाटते आणि कान म्हणतो, आता गंधारावर ये. सेव्हन्थ कॉर्डचं थोडं निराळं आहे. तानपुऱ्याच्या तारेतला सातवा सूर घेतला तर ४ : ५ : ६ : ७ असा कॉर्ड तयार होतो, पण तो सातवा सूर कीबोर्डच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट खाली आहे. अमेरिकेत बार्बरशॉप नावाचं चौघांनी बिनसाथीचं गाण्याचं एक अंग आहे. हा सातवा सूर त्या मंडळींच्या खास आवडीचा.

मग कीबोर्ड खोटा का बनवला?

भाचीचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "एवढं सोपं आहे तर कीबोर्ड असाच का नाही बनवत? ३०० वर गंधार ठेवायचा, संपलं!"

मी तिला म्हटलं, बनवूया. सा ग प साठी ४ : ५ : ६ घे. म ध सा साठीही तेच घे, प नि रे साठीही तेच. तिने आकडे मांडले :

सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नि ४५०, सा ४८०.

तीन मेजर कॉर्डमध्ये अख्खं सप्तक तयार झालं आणि एकही अपूर्णांक नाही. ती खूश झाली. मग मी म्हटलं, आता यात रे म ध वाजव. रे ला सा धरलं तर ध त्याचा पंचम, म्हणजे रे च्या दीडपट हवा. २७० ची दीडपट किती? ४०५. आणि आपला ध आहे ४०० वर.

ती गप्प झाली. ध ४०५ वर नेला तर म ध सा बिघडतो. ४०० वर ठेवला तर रे म ध बिघडतो. एका ध ला दोन घरचं जेवण एकाच वेळी जेवता येत नाही.

दुसरी गंमत. २४० वरून गंधाराची उडी मारली की ३००. तिथून पुन्हा तेवढीच उडी, ३७५. पुन्हा एकदा, ४६८.७५. कीबोर्डवर अशा तीन उड्यांत आपण नेमके वरच्या सा वर पोचतो, पण खऱ्या मापाने ४८० ला सव्वाअकरा कंपनं कमी पडतात. ती तूट भरून काढायला कीबोर्डने तिन्ही उड्या थोड्या थोड्या लांब केल्या. तिने ज्याच्यासाठी रडून घेतलं, ते १४ सेंट इथून आले.

गिटार वाजवणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असेल. ई मेजर कॉर्ड गोड लागावा म्हणून तिसरी तार जराशी उतरवा. ई मस्त लागेल. मग जी मेजर वाजवा, तोच सूर आता बेसूर लागेल. तुम्हाला वाटतं गिटार खराब आहे किंवा तार जुनी झाली आहे. गिटारचा काही दोष नाही, हे गणितच तसं आहे.

म्हणून युरोपात, बराच काळ वाद घालून, शेवटी तडजोड रुळली. बाराही पट्ट्या समान अंतरावर ठेवायच्या. कुठलाच गंधार पूर्ण खरा नाही, पण कुठलाच फार वाईटही नाही, आणि कुठल्याही पट्टीला सा धरून गाणं वाजवता येतं. एका गाण्यात तीनदा सा बदलणारं संगीत या तडजोडीवर उभं आहे. आपण एक सा धरून रात्रभर त्याच्याशीच बोलत बसतो, म्हणून आपल्याला ही तडजोड करायची गरज पडली नाही.

हा वाद आपल्या बडोद्यात झालेला आहे

घरातलं हे भांडण नवं नाही, आणि त्याचा एक मोठा अंक आपल्याच गावात झालेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले सूर मोजून बावीस श्रुतींची मापं मांडली आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. हे अब्दुल करीम खाँ म्हणजे एके काळी बडोद्याच्या दरबारात असलेले, हिराबाई बडोदेकरांचे वडील. पुढे क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने देवलांबरोबर काम केलं, आणि या श्रुती वाजवता येतील अशी एक खास हार्मोनियम तयार झाली. तिला श्रुती हार्मोनियम म्हणत.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही हार्मोनियम आणि श्रुतींची मापं हा चर्चेचा विषय झाला आणि एकमत झालं नाही. गायकाचा सूर असा आकड्यांत बांधता येतो, हे भातखंड्यांना पटत नव्हतं. १८८६ मध्ये महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, त्या गावात हा वाद व्हावा हे साहजिकच. सूरसागराजवळून जाताना कधी आत डोकावा. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पट्ट्यांमधून मींड निघत नाही, आणि पट्ट्यांचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत, अशी तक्रार होती.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. साध्या गुणोत्तरांवर सूर शांत होतो, हे कोणालाही ऐकून तपासता येतं. पण गवई प्रत्येक वेळी ३०० च्या खिळ्यावर गंधार टांगत नाही. राग, आधीचा सूर, आंदोलन, यांनी जागा हलते. आकडे घर दाखवतात. घरात कसं वावरायचं ते गायकाने ठरवायचं.

पुढे काय झालं

त्या रात्री फोन बंद करून भाचीला तानपुऱ्यावर दहा वेळा गंधार लावायला सांगितला. तो रेकॉर्ड करून नंतर मोजला. दहाही वेळा ती जवळजवळ त्याच जागी होती. ज्याचा सूर हुकतो तो कधी वर, कधी खाली हुकतो. पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊन बसणारा कान काहीतरी ऐकत असतो. आई म्हणाली, "मी तुला काय सांगत होते?" आणि चहा टाकायला उठली.

म्हणून "१४ सेंट उतरला म्हणजे बरोबर" असा नवा नियम मात्र करू नका. उतरलेला गंधार खरंच उतरलेलाही असतो. परीक्षा एकच, तानपुऱ्याशी सूर शांत होतो का.

उरला प्रश्न कीबोर्डचा. साथीला असलेला मुलगा इंजिनीअरिंगचा, समजूतदार. त्याला सांगितलं, ती गंधारावर थांबते तिथे तू फक्त सा आणि प धर, गंधार तिचा तिला लावू दे. बाकी ठिकाणी हवे ते कॉर्ड वाजव. त्याने एकदा करून बघितलं आणि म्हणाला, "काका, एकदम स्वच्छ वाटतंय की!"

गणपतीत ती गायली. स्पर्धा नव्हती, त्यामुळे बक्षीस वगैरे काही नाही. आरतीच्या गडबडीत निम्म्या लोकांनी ऐकलंही नसेल. पण ती गायली, आणि फोन आजीच्या पर्समध्ये होता.

परवा मात्र तक्रार घेऊन आली. "मामा, आता मला प्रत्येक गाण्यात कीबोर्डचा चढलेला गंधार ऐकू येतो. आधी कळत नव्हतं तेच बरं होतं." मी म्हटलं, थोडे दिवस होईल तसं, मग कान दोन्ही भाषा शिकतो. आपण नाही का, घरात मराठी बोलतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती? दोन्ही येतात म्हणून एक चुकीची ठरत नाही. फक्त कुठे कोणती बोलायची ते कळलं पाहिजे.

घरचा अभ्यास

कीबोर्डवर ऑर्गन किंवा हार्मोनियमचा आवाज लावा, बाकी इफेक्ट बंद. पांढरी एक आणि पांढरी पाच एकदम दाबून धरा, म्हणजे सा आणि प. आवाज जवळजवळ स्थिर ऐकू येईल. आता त्यात पांढरी तीन मिळवा, म्हणजे ग. वरच्या बाजूला एक बारीक, भराभर थरथर सुरू होईल. ती नीट ऐका. मग पांढरी तीन सोडून द्या आणि तो गंधार स्वतःच्या गळ्यातून लावा. थोडा वर, थोडा खाली, हळूहळू सरकवत न्या. एका जागी सगळं एकदम निवांत होईल. तिथे थांबा.

जमलं का, ते मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा. काटा कुठे आहे ते ते सांगणार नाहीत, पण गंधार चढला की हाक नक्की मारतील.